तिघांनीही आधार दिला, तरी मी रागावले : मागण्यापूर्वी गरज ओळखण्याविषयी

सांजवात

मी नाशिकला राहते. माझी आई ८१ वर्षांची असून गेली चार वर्षे तिला अल्झायमर्स आहे. वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. भाऊ पुण्यात आहे, धाकटी बहीण मेलबर्नला. दिवसा एक मदतनीस बाई येतात आणि सायंकाळी पाचला जातात. नेमकी त्याच सुमारास आईची अस्वस्थता सुरू होते. ती एका जुन्या लुगड्यात कपडे, कंगवा, कधी रिमोट असे काहीबाही बांधून गाठोडे करते आणि "मला घरी सोड, आई वाट पाहत असेल" म्हणत दाराशी उभी राहते. तिचे माहेर सिन्नरचे. ते घर विकूनही ३० वर्षे झाली.

तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी रात्री मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले, "माझ्याने आता होत नाही. तुम्ही सगळ्यांनी मला आधार द्यायला हवा." अर्ध्या तासात दादाने २५ हजार रुपये पाठवले. बहिणीने रुग्णाची काळजी घेणाऱ्यांसाठी असलेल्या तीन चित्रफिती पाठवून प्राणायाम करण्याचे सुचवले. वहिनीने फोन करून अतिशय सौम्यपणे विचारले, "एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमाची चौकशी करू का?" मला तिघांचाही राग आला. दोन दिवस मी गटावर काही लिहिले नाही. तेव्हा माझ्या यजमानांनी विचारले, "मग त्यांनी नेमके काय करायला हवे होते?" आणि मला उत्तर देता आले नाही.

राग योग्य होता की नव्हता, हा माझा प्रश्न नाही. आपल्याला काय हवे आहे हेच ठाऊक नसताना ते दुसऱ्याकडे कसे मागावे, आणि मागण्याआधी ते शोधायचे कसे, याविषयी जाणकारांनी आणि अनुभवींनी लिहावे, ही विनंती.

मितभाषी

मला हा प्रश्नच उलट वाटतो. आई तिघांची आहे. चार वर्षे एकटी बहीण सांभाळते हे ज्यांना दिसते, त्यांना काय हवे ते सांगावे का लागावे? सांगून मिळालेल्या आधारात आपलेपणा उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्धाकाठ

मितभाषी यांच्या मताशी असहमत आहे आणि त्याचे कारण सांगण्यासाठी मला स्वतःविषयी लिहावे लागेल, कारण या गोष्टीत मी 'पैसे पाठवणारा दादा' आहे.

मी टोरोंटोत राहतो. वडिलांना सात वर्षांपासून पार्किन्सन्स आहे आणि ते नागपूरला माझ्या मोठ्या बहिणीकडे असतात. ताईचा फोन आला की बहुतेक वेळा पहिले वाक्य "तुला काय, तू तिकडे" असे असे आणि शेवटचे "जाऊ दे, तुला नाही कळायचे" असे. या दोन वाक्यांच्या मध्ये ती जे सांगे त्यात वडिलांचे पडणे, डॉक्टरांनी बदललेली गोळी, सोसायटीतले पाणी आणि भाचीच्या परीक्षा हे सगळे एकत्र असे. फोन ठेवल्यावर मी दहा मिनिटे तसाच बसून राही आणि मग बँकेचे ॲप उघडून पैसे पाठवी, कारण माझ्या हातात असलेल्या गोष्टींपैकी तेवढी एकच गोष्ट बटण दाबून होण्यासारखी होती. त्यात कोरडेपणा नव्हता, अगतिकता होती. ताईला मात्र त्यात 'पैसे फेकून मोकळा झाला' एवढेच दिसे, आणि तिच्या जागी मी असतो तर मलाही तेच दिसले असते.

गेल्या मे महिन्यात एकदा तिने अगदी वेगळे वाक्य उच्चारले. ती म्हणाली, "सकाळी सातला बाबांना गोळी देते, ती लागू पडेपर्यंत त्यांना उठता येत नाही, आणि त्या वेळात त्यांच्याजवळ कोणी नसले की ते घाबरतात. तू तेवढा वेळ व्हिडिओवर पेपर वाचून दाखवशील का? मला अंघोळ आणि चहा शांतपणे उरकायचा आहे." नागपूरचे सात म्हणजे उन्हाळ्यात माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ. त्या दिवसापासून मी आठवड्यातून पाच दिवस वाचतो. बाबांचा आवाज आता फार बारीक झाला आहे. पण अग्रलेख संपल्यावर ते "हं" म्हणतात ते मला ऐकू येते. हे मला आपणहून का सुचले नाही, असे मितभाषी विचारतील. गोळी लागू पडायला वेळ लागतो हेच मला ठाऊक नव्हते. दुरून दुखणे दिसते, दुखण्याचे वेळापत्रक दिसत नाही.

समुपदेशी

मी या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडे शास्त्राच्या अंगाने लिहिते. जेम्स हाउस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार मांडले : भावनिक जवळीक, प्रत्यक्ष मदत, माहिती, आणि आपण योग्य करत आहोत की नाही याबद्दलची पावती. सांजवात, तुमच्या तिघांची उत्तरे या चौकटीत ठेवून पाहा. दादांनी प्रत्यक्ष मदत दिली, बहिणीने माहिती दिली आणि वहिनींनी मदतीचाच एक मोठा पर्याय समोर ठेवला. पहिला आणि चौथा प्रकार कोणीही दिला नाही. तुमच्या एका वाक्यात 'आधार' हा एकच शब्द होता आणि प्रत्येकाने आपल्याला जमणारा अर्थ उचलला.

पुढे १९९० मध्ये कॅरोलिन कट्रोना आणि डॅनियल रसेल यांनी आणखी एक उपयोगी मुद्दा मांडला. जो ताण आपल्या प्रयत्नाने कमी होण्यासारखा असतो, त्यात मदत आणि माहिती अधिक उपयोगी पडते. जो आपल्या हाताबाहेरचा असतो, त्यात जवळ बसणारे माणूस उपयोगी पडते. प्रत्यक्ष आयुष्यात हे इतके सरळ विभागलेले नसते, हे मान्य. अल्झायमर्समध्ये तर दोन्ही ताण एकाच दिवशी, एकाच तासात येतात : डायपर संपणे हा पहिल्या प्रकारचा ताण, आणि आईने आपल्याला न ओळखणे हा दुसऱ्या. दुसऱ्या ताणावर पहिल्याचे औषध मिळाले की माणूस चिडतो, आणि देणाऱ्याला वाटते, एवढे करूनही ही समाधानी नाही.

म्हणून मागण्याआधी स्वतःला एवढेच विचारून पाहावे की, हे समोरच्याने दिले तर आज रात्री माझे नेमके काय हलके होईल. उत्तरात एखादी कृती आली तर मदत मागा. कृती येत नसेल, तर बहुधा तुम्हाला ऐकणारे माणूस हवे आहे, मग तसेच सांगा, "उपाय सुचवू नकोस, फक्त ऐक."

शब्दवेल्हाळ

वरील विवेचन उत्तम आहे, पण मला या प्रश्नाची भाषिक बाजू अधिक रंजक वाटते. 'गरज' या शब्दाभोवती आपल्याकडे कोणत्या म्हणी आहेत ते आठवून पाहा. गरजवंताला अक्कल नसते. गरज सरो, वैद्य मरो. अडला हरी गाढवाचे पाय धरी. ज्या भाषेत गरज असणारा मूर्ख, कृतघ्न किंवा लाचार असतो, त्या भाषेत वाढलेली बाई "माझी गरज अमुक आहे" असे सहज कसे म्हणेल? ती "माझ्याने होत नाही" म्हणते, "तुम्ही करायला हवे" म्हणते. म्हणजे एकदा कबुली देते आणि एकदा आरोप करते, पण मागत नाही. अपवाद एकच आठवतो : मूल रडल्याशिवाय आई पाजत नाही. तिथे मागण्याची लाज नाही, पण बोलताही येत नाही.

दुसरीकडे, त्रासाला नाव देण्यासाठी हीच भाषा विलक्षण श्रीमंत आहे आणि आपण ती श्रीमंती 'स्ट्रेस' आणि 'टेन्शन' या दोन शब्दांपायी वाया घालवतो. शीण आला आहे, उबग आला आहे, कोंडमारा होतो, जीव टांगणीला लागला आहे, कानकोंडे झाल्यासारखे वाटते, घालमेल होते, हुरहूर लागते, जीव विटला आहे. यांतील कोणतेही दोन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि प्रत्येकाच्या पोटात त्याची गरज दडलेली असते. शिणाला विसावा हवा. उबग आलेल्याला झोपून बरे वाटत नाही. त्याला पालट हवा, चार दिवस दुसरे गाव, दुसरे काम. कोंडमाऱ्याला बोलायला वाट हवी. टांगणीला लागलेल्या जिवाला निर्णय किंवा निदान तारीख हवी. त्याला 'धीर धर' म्हणणे म्हणजे दोर आणखी लांबवणे. कानकोंड्या माणसाला चारचौघांत मान हवा. घालमेल मात्र फसवी असते, तिच्यात दोन उलट इच्छा भांडत असतात आणि त्यांपैकी एक सांगण्यासारखी नसते.

माझी सूचना अशी की सांजवात यांनी आठवडाभर 'ताण' हा शब्द स्वतःपुरता बंद करावा आणि दर वेळी मराठीतला नेमका शब्द शोधून लिहून ठेवावा.

समुपदेशी

शब्दवेल्हाळ, तुम्ही गमतीने लिहिले असेल. पण भावनेला शब्द दिल्याने तिची धग कमी होते, याला प्रयोगांचा आधार आहे. लॉस एंजेलिस येथे मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चेहऱ्यावरील भावनेला नाव देताना मेंदूतील ॲमिग्डाला या भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची प्रतिक्रिया मंदावलेली आढळली. काहींना असे शब्द सापडणेच अवघड जाते; त्या अवस्थेला पीटर सिफ्निऑस यांनी १९७० च्या दशकात ग्रीक शब्दांवरून अलेक्सिथायमिया असे नाव दिले. पण बहुतेक दमलेल्या माणसांचे तसे नसते. त्यांच्याकडे शब्द असतात, उसंत नसते.

पाणपोई

मला एक अडचण मांडायची आहे. चार वर्षे रात्रपाळी केल्यासारखी जागणारी बाई, तिने आता स्वतःच्या भावनांची वहीही लिहायची? सासूबाईंच्या आजारपणात मला कोणी असा गृहपाठ दिला असता तर मी ती वही चुलीत घातली असती. गरज ओळखण्याइतकी शक्ती उरलेली नसणे, ही स्वतःच एक अवस्था आहे. तेव्हा "माझ्याने होत नाही" हेच पूर्ण आणि बरोबर वाक्य असते आणि ते ऐकणाऱ्याने पुढचे प्रश्न विचारायचे असतात. ओळखण्याची सगळी जबाबदारी मागणाऱ्यावर टाकू नये.

ज्यांना झोप येत नाही, सतत रडू येते किंवा जगणेच नको वाटते, त्यांनी नेमका शब्द शोधत बसू नये, डॉक्टरांकडे जावे किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर बोलावे. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

अवांतर : आईंची सायंकाळची अस्वस्थता एखाद्या आठवड्यात अचानक वाढली, तर लघवीची तपासणी करून घ्या. वृद्धांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग कधी कधी केवळ गोंधळलेपणातूनच दिसतो.

समुपदेशी

पाणपोई यांचा मुद्दा मान्य आहे. वही जमत नसेल तर तयार प्रश्नावली चालते. स्टीव्हन झारिट यांनी १९८० मध्ये काळजी घेणाऱ्यांच्या भाराची प्रश्नावली तयार केली. तिची आज प्रचलित असलेली आवृत्ती २२ प्रश्नांची आहे आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण असतात. एकूण गुणांपेक्षा मला नेहमी हे पाहावेसे वाटते की कोणत्या प्रश्नाला माणूस थबकतो.

सांजवात

सर्वांचे आभार. पाणपोई, तुमचा प्रतिसाद वाचून हसू आले आणि बरेही वाटले. तरीही मी शब्दवेल्हाळ यांची सूचना नऊ दिवस पाळली. वही केली नाही, दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहिते तिथेच एकेक शब्द लिहीत गेले.

जे दिसले ते मला अपेक्षित नव्हते. 'शीण' हा शब्द नऊ दिवसांत दोनदाच आला, आणि मी तर सगळ्यांना दमले दमले म्हणून सांगत होते. 'टांगणी' पाच वेळा आली, आणि ती नेहमी दुपारी. विचार करता लक्षात आले की दुपारी मी आईच्या पुढच्या तपासणीचा, औषध बदलायचे की नाही याचा, ती खाटेला खिळली तर काय करायचे याचा विचार एकटी करत असते. निर्णय चुकला तर दादा आणि बहीण काय म्हणतील, ही भीती त्यात असते. 'कानकोंडे' एकदा आले, शेजारच्या काकू "आईंना जरा मोकळ्या हवेत नेत जा" म्हणाल्या तेव्हा.

सायंकाळच्या रकान्यात मात्र नऊही दिवस काही लिहिता आले नाही. आई गाठोडे घेऊन उभी असते आणि मला "अहो बाई, तुम्ही तरी सांगा हिला" म्हणते, तेव्हा मला जे होते ते यांतल्या कोणत्याही शब्दात बसत नाही. राग नाही. दमणेही नाही.

रानजाई

सांजवात, मी बरेच दिवस हा धागा केवळ वाचत होते. माझ्या यजमानांना विस्मरणाचा आजार सहा वर्षे होता. तुमचा रिकामा रकाना मला ओळखीचा वाटला. ते सुतक आहे, असे मला वाटते.

मिनेसोटा विद्यापीठातील पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात अशा दुःखाला स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याला संदिग्ध वियोग म्हणता येईल. सुरुवातीच्या काळात त्यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला होता : माणूस समोर नाही, पण गेल्याची खातरीही नाही. पुढे त्यांनी दाखवले की स्मृतिभ्रंशात याचे उलट रूप दिसते. माणूस समोर बसलेले असते, जेवते, आपला हात धरते, पण ते आपल्याला ओळखणारे माणूस राहिलेले नसते. त्यासाठी दहावा-तेरावा नाही, कोणी भेटायला येत नाही, कोणी पिठलेभात आणून देत नाही. उलट लोक म्हणतात, "आई आहे ना अजून, भाग्यवान आहात."

मला हे कळायला चार वर्षे लागली. तोवर मी मुलाकडे मदतीला माणूस मागत राहिले, त्याने एकामागून एक तीन माणसे ठेवली आणि मी तिघांतही खोड काढली. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. मला ज्याच्यासाठी रडायचे होते तो समोर खुर्चीत बसून बिस्किट खात होता, आणि त्याच्यादेखत रडायची मला चोरी वाटत होती.

ही गरज कोणी भागवू शकत नाही, हे आधीच सांगते. आई तुम्हाला 'बाई' म्हणायची थांबणार नाही. पण तीच आई ज्याची हरवली आहे, अशा माणसाशी बोलता येते. तुमच्या ओळखीत अशी दोनच माणसे आहेत.

मितभाषी

रानजाई यांचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावेसे वाटले नाही. माझे पहिले मत मी पूर्ण मागे घेत नाही, पण त्यात एक गफलत होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडे किशोर फडके यांनी मराठीत समजावून सांगितलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती इच्छा आणि हट्ट यांत फरक करते. 'भावाला कळले असते तर बरे झाले असते' ही इच्छा झाली. 'त्याला कळायलाच हवे होते' हा हट्ट. मी हट्टाला आपलेपणा म्हणत होतो.

तरी एक शंका राहते. इतके ओळखून, नेमके शब्द लावून मागितले आणि समोरच्याने नाही म्हटले, तर? मोघम मागितलेले नाकारले गेले तर माणूस म्हणू शकतो की त्याला समजले नाही. नेमके मागितलेले नाकारले गेले की ती पळवाटही बंद होते. कदाचित म्हणूनच आपण मोघम मागत असू.

वर्धाकाठ

मितभाषी, ही भीती खरी आहे. ताईने माझ्याकडे आणखी एक गोष्ट मागितली होती : वर्षातून तीन महिने येऊन राहणे. मला ते जमत नाही आणि मी तसे सांगितले. ती चार दिवस बोलली नाही. पण पूर्वी ती माझ्यावर सगळ्याच बाबतीत रागावलेली असे, आता त्या एका बाबतीत आहे. मला वाटते हा फरक दोघांनाही सोसण्यासारखा आहे.

सांजवात

काय झाले ते कळवण्याचे ठरले होते, म्हणून लिहिते.

या वेळी गटावर न लिहिता तिघांना वेगवेगळे सांगितले. दादाला म्हटले, "पैसे नकोत असे नाही, पण मला निर्णयात भागीदार हवा आहे. डॉक्टरांशी बोलणे यापुढे तू करायचेस, औषधे तू विचारायचीस, आणि जो निर्णय होईल तो आपल्या दोघांचा असेल." तो लगेच हो म्हणाला. गेल्या बुधवारी तो डॉक्टरांशी अर्धा तास फोनवर बोलला आणि मग मला म्हणाला, "तू हे चार वर्षे एकटीने केलेस?" समुपदेशी यांनी लिहिलेली चौथ्या प्रकारची पावती बहुधा हीच असावी, ती मी मागितली नव्हती. महिन्यातून एक शनिवार-रविवार इथे येऊन राहा, असेही मी म्हटले होते. त्याला मात्र त्याने 'बघतो' असे उत्तर दिले आहे, आणि दादाच्या 'बघतो'चा अर्थ आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे.

वहिनीला मी स्पष्ट सांगितले की वृद्धाश्रमाचा विषय सध्या नको, आणि त्या सूचनेने मी दुखावले होते. ती म्हणाली, "मला वाटले, हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने कधी म्हणू शकणार नाही, म्हणून मी म्हटले." याचा मी अजून विचार करते आहे. पाणपोई म्हणतात तसे पुढचे प्रश्न विचारणारी ती एकटीच होती, असेही आता वाटते.

बहिणीला फोन करणे सर्वांत अवघड गेले. मी तिला म्हटले, "मला उपाय नको आहे. आई पूर्वी कशी होती ते माझ्याशी बोलणारे कोणीतरी हवे आहे." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की जानेवारीत व्हिडिओवर आईने तिला "कोण ही पोरगी?" असे विचारले होते, आणि तेव्हापासून तिला फोन करण्याची भीती वाटते, चित्रफिती पाठवणे तेवढे जमत होते. आम्ही दोघी दीड तास बोललो. आई दिवाळीत चकलीचा सोऱ्या कोणालाही फिरवू देत नसे, यावर त्यातली वीस मिनिटे गेली.

आता ठरले आहे की मंगळवारी आणि गुरुवारी सायंकाळी साडेसहाला ती फोन करेल. आई गाठोडे घेऊन उभी असेल तर असू दे, मी तिच्याशेजारी स्टूल घेऊन बसते आणि आम्ही दोघी बोलतो. परवा आईही थोडा वेळ ऐकत बसली होती. मेलबर्नला तेव्हा रात्रीचे अकरा वाजतात. ऑक्टोबरमध्ये त्यांची घड्याळे पुढे गेली की बारा वाजतील आणि तिला सकाळी कामावर जायचे असते, म्हणून तेव्हा वेळ बदलावी लागेल.